खान्देशातल्या आजीची स्मरणशक्ती मोजायची कशी?

दहा साधे शब्द एकदा ऐकायचे आणि आठवतील तेवढे लगेच परत सांगायचे. क्रम कुठलाही चालतो. मग इतर प्रश्नांत पाचेक मिनिटे गेली की तेच शब्द पुन्हा विचारले जातात, पण या वेळी ते वाचून दाखवले जात नाहीत. उतारवयातल्या लोकांच्या स्मरणशक्तीविषयी जगभरात जे आकडे छापून येतात, त्यांतल्या बऱ्याच आकड्यांच्या मुळाशी ही एवढीशी चाचणी असते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९९२ साली सुरू केलेल्या ‘हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी’त ती आहे, इंग्लंडमध्ये २००२ पासून आणि चीनमध्ये २०११ पासून चालू असलेल्या तशाच पाहण्यांत ती आहे, आणि आपल्याकडच्या ‘लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया’ या पाहणीतही ती आहे. या भारतीय पाहणीला तिच्या आद्याक्षरांवरून ‘लासी’ म्हणतात. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी मिळून तिची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये केली, आणि तिच्यात ४५ वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार मिळून सुमारे ७२ हजार जणांच्या मुलाखती झाल्या.

अशी पाहणी करणारे लोक डॉक्टर नसतात. काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेली तरुण मुले-मुली लॅपटॉप घेऊन घरी येतात. घर, उत्पन्न, आजार, औषधे यांचे शेकडो प्रश्न विचारता विचारता मध्येच स्मरणाचे आणि विचारशक्तीचे प्रश्न येतात. आज कोणती तारीख, कोणता वार, हे गाव कोणत्या जिल्ह्यात येते, वीसपासून उलटे मोजा, शंभरातून सात वजा करा आणि जे उरेल त्यातून पुन्हा सात, एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावे सांगा, हा कागद हातात घ्या, त्याची घडी घाला, हे चित्र पाहून तसेच काढा. वरवर पाहता हे बालवाडीतले प्रश्न वाटतात आणि शेजारीपाजारी जमले असले तर हशाही पिकतो. पण त्यातला प्रत्येक प्रश्न मेंदूच्या वेगवेगळ्या कामाला हात घालतो. दहा शब्द थोड्या वेळाने पुन्हा आठवणे हे नुकत्याच घडलेल्या गोष्टींच्या स्मरणाचे माप आहे आणि अल्झायमरमध्ये बहुधा तेच आधी ढासळते. तारीख-वार विचारण्यामागे काळाचे आणि स्थळाचे भान पाहण्याचा हेतू असतो, तर वजाबाकीत लक्ष टिकवून ठेवण्याची ताकद दिसते.

प्राण्यांच्या प्रश्नाबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण तो दिसतो त्यापेक्षा बराच चतुर आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी आयुष्य काढलेला माणूस गाय, बैल, म्हैस, शेळी इथून सुरुवात करतो, गोठा संपला की जंगलात शिरतो आणि बिबट्या, रानडुक्कर, कोल्हा, तरस अशी यादी लावतो. एक कप्पा रिकामा झाला हे ओळखून दुसरा उघडणे, सांगितलेले नाव पुन्हा न सांगणे आणि मिनिटभर प्राण्यांवरून मन ढळू न देणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. शिवाय या प्रश्नाला लिहिणे-वाचणे लागत नाही. शाळेने दिलेला फायदा इथेही पूर्णपणे पुसला जात नाही, पण वजाबाकीच्या प्रश्नाच्या मानाने तो कमी असतो, आणि म्हणून आपल्यासारख्या देशात मला हा प्रश्न जास्त भरवशाचा वाटतो.

एवढ्या तोकड्या चाचणीवरून एखाद्याच्या मेंदूबद्दल काय कळणार, अशी शंका रास्त आहे. एका माणसाबद्दल फारसे कळत नाहीच. रात्री झोप झाली नसेल, सकाळपासून ताप असेल किंवा मुलाखत चालू असताना दारात ट्रॅक्टर उभा असेल, तर एरवी सहा शब्द सांगणारा माणूस चारवर थांबतो. मात्र अशा चुका कुणाच्या बाबतीत वर जातात, कुणाच्या बाबतीत खाली, आणि पुष्कळ माणसांची सरासरी काढली की त्या एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. समजा, एका माणसाच्या गुणांत साधारण दोन शब्दांचा चढउतार असतो. चारशे माणसांच्या सरासरीत तोच चढउतार दोन भागिले वीस, म्हणजे एका शब्दाच्या दहाव्या हिश्शाएवढा उरतो, कारण चारशेचे वर्गमूळ वीस. रक्तदाब जास्त असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या सरासरीत अर्ध्या शब्दाचा फरक असेल, तर तो अशा पाहणीत स्पष्ट दिसतो, पण शेजारच्या आप्पांना चार शब्द आठवले यावरून त्यांच्याबद्दल काहीच ठरवता येत नाही. लोकसंख्येच्या पाहण्या समूहासाठी असतात, ही गोष्ट बातम्यांत नेहमी गळून जाते.

वर-खाली होणाऱ्या चुका सरासरीने जातात, पण एकाच दिशेने होणारी चूक कितीही माणसे मोजली तरी जात नाही, आणि या विषयातली खरी अडचण इथे आहे. अशा चुकीचे सर्वांत मोठे कारण शिक्षण हे आहे. स्मरण आणि बुद्धी तपासण्याची जगात सर्वाधिक वापरली गेलेली ३० गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. २४ पेक्षा कमी गुण म्हणजे काळजीचे कारण, असा तिचा संकेत रूढ झाला. त्या चाचणीत एक वाक्य लिहायचे असते, एक छापील सूचना वाचून तसे करायचे असते आणि पंचकोनांची आकृती पाहून काढायची असते. ज्या बाईने आयुष्यात कधी पेन हातात धरले नाही, तिचे तीन गुण मेंदू धडधाकट असतानाही तिथेच जातात. १९५१ च्या जनगणनेत भारतातल्या स्त्रियांची साक्षरता ९ टक्क्यांच्या आत होती. आज पंचाहत्तरी-ऐंशीत असलेल्या स्त्रियांचे बालपण त्याच काळातले आहे, आणि अक्राणी, अक्कलकुवा किंवा यावलच्या उत्तरेकडच्या पाड्यांवर तर शाळा त्यानंतर कितीतरी वर्षांनी पोहोचली.

कापूस खरेदी केंद्रावर नेला की नुसते वजन पाहून भाव ठरत नाही, ओलाव्याचे यंत्र लावून पाण्याचा वाटा आधी वेगळा काढला जातो. स्मरणाच्या गुणांतही शाळेचा वाटा तसाच आधी वेगळा काढावा लागतो. पद्धत अशी की, समान वयाच्या आणि समान शिक्षणाच्या लोकांची सरासरी काढून प्रत्येकाचे गुण तिच्याशी ताडून पाहायचे. अमेरिकेत १९९३ साली १८ हजार प्रौढांच्या गुणांवरून असे कोष्टक प्रसिद्ध झाले, तेव्हा वय आणि शालेय वर्षांप्रमाणे त्याच ३० गुणांच्या चाचणीची सरासरी किती हलते ते उघड दिसले. ही दुरुस्ती कापसाइतकी सरळ मात्र नाही. शाळेमुळे माणूस चाचणी देण्यात तरबेज होतो हे खरे, पण शाळेमुळे मेंदूची राखीव ताकद वाढते आणि स्मृतिभ्रंश खरोखर उशिरा दिसतो, असेही बऱ्याच अभ्यासांतून पुढे आले आहे. शिक्षणाचा सगळा परिणाम वजा केला, तर निरक्षर बाईला असलेला खरा धोकाही आपण वजा करून बसतो. काहीच वजा केले नाही, तर तिला विनाकारण आजारी ठरवतो. दोहोंच्या मध्ये कुठे थांबायचे हे गणित सांगत नाही, ते अभ्यासकाला ठरवावे लागते, आणि प्रामाणिक अहवालात ते कसे ठरवले हे लिहिलेले असते.

वजाबाकीच्या प्रश्नाचेच पाहा. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी अशी उतरंड ज्याला जमत नाही, तोच आठवडी बाजारात शंभराची नोट घेऊन त्रेसष्ट रुपयांचा भाजीपाला देतो आणि उरलेले पैसे न चुकता परत करतो. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्यवहारातले गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करणारी मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या गणितात अडखळताना दिसली. तो अभ्यास मुलांचा आहे, म्हाताऱ्यांचा नाही. तरीही एखादे कौशल्य ज्या रूपात अंगवळणी पडले त्या रूपात न विचारल्यास ते नाहीच असे वाटू शकते, ही त्यातली गोष्ट दोघांनाही लागू पडते.

यावर भारतात चांगले काम फार पूर्वी झाले आहे. हरियाणातल्या बल्लभगढ भागात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी १९९० च्या दशकात निरक्षर वृद्धांसाठी ३० गुणांच्या त्या चाचणीचे हिंदी रूप तयार केले आणि त्यात शब्दाला शब्द ठेवण्याचा हट्ट सोडला. तारीख सांगता आली नाही तरी सकाळ आहे की संध्याकाळ हे विचारता येते. छापील सूचना वाचण्याऐवजी समोरचा करतो तसे करून दाखवायला सांगता येते. सातांच्या वजाबाकीऐवजी सोपी उलटी मोजणी घेता येते. मग ते प्रश्न खेड्यातल्या शेकडो धडधाकट म्हाताऱ्यांना विचारून त्यांतले बहुतेक उत्तर देऊ शकतात ना, हे आधी पाहिले. प्रश्न चुकला तर दोष माणसाचा की प्रश्नाचा, हे ठरवण्याचा दुसरा मार्ग नाही.

खान्देशापुरते बोलायचे तर एवढ्याने भागणार नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे कागदावर मराठी भाषक असले, तरी घरात अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, पावरी, भिली, मावची अशा बोली चालतात. नंदुरबारमध्ये तर २०११ च्या जनगणनेनुसार जवळजवळ ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. पुस्तकी मराठीत वाचलेले दहा शब्द अमळनेरच्या निवृत्त शिक्षकांना आणि धडगावकडच्या आजीला सारखेच सोपे पडतील, असे धरून चालणे चूक आहे. तिला तो शब्द आधी मनात आपल्या बोलीत उलटवावा लागतो, आणि त्यात जी शक्ती खर्च होते ती आठवण्यातून वजा होते. यादीत ‘मुलगा’ असेल आणि उत्तरात ‘आंडोर’ आला, तर गुण द्यायचा की नाही? द्यायचा, असे माझे मत आहे, कारण मोजायची आहे ती स्मरणशक्ती, प्रमाण मराठी नव्हे. पण हा निर्णय सर्वेक्षकाच्या मर्जीवर सोडला तर एका तालुक्यातले गुण दुसऱ्या तालुक्याशी ताडता येणार नाहीत, म्हणून तो प्रशिक्षणातच ठरलेला असायला हवा. यादी तयार करतानाही नुसते भाषांतर करून चालत नाही. शब्द किती लांब आहे, रोजच्या बोलण्यात किती वेळा येतो, त्याचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते का, हे सगळे बोलीबोलीत सारखे ठेवावे लागते.

तारखेच्या प्रश्नाचेही तसेच. “बाबा, आज कोनता वार शे?” असे विचारले की “आज बाजारना दिन शे” असे उत्तर येऊ शकते, आणि त्या गावचा बाजार खरोखर त्याच वारी भरत असेल तर त्या माणसाचे काळाचे भान शाबूत आहे. कुठला महिना चालू आहे हे इंग्रजी नावाने सांगता न येणारी बाई आखाजीला अजून किती दिवस आहेत, कानबाई बसवून किती दिवस झाले, पोळा कधी आहे, हे बिनचूक सांगते. कॅलेंडर वापरणाऱ्याला कॅलेंडरचा प्रश्न आणि तिथी-सणांवर चालणाऱ्याला तिथी-सणांचा, अशी सोय चाचणीत करता येते. मात्र दोन्ही प्रश्न सारख्याच अवघडपणाचे आहेत हे आधी तपासून घ्यावे लागते.

मुलाखत होते ती खोलीही गुणांवर परिणाम करते, आणि यात गणिताचा भाग नसल्यामुळे त्याकडे कमी लक्ष जाते. ज्याला कमी ऐकू येते त्याने शब्द विसरलेला नसतो, त्याने तो ऐकलेलाच नसतो. मोतिबिंदू असलेल्याला आकृतीच दिसत नाही. याशिवाय, आजीला प्रश्न विचारला की ओसरीवरून आजोबा उत्तर देतात, सून चुलीपाशी बसून दबक्या आवाजात आठवण करून देते आणि नातू बोटांवर वजाबाकी करून दाखवतो. माणसे मायेनेच मदत करतात, पण मोजमाप बिघडते. चांगल्या पाहण्यांत हे सारे टिपून ठेवायची सोय असते, म्हणजे नंतर कुठल्या गुणांवर कितपत विसंबायचे हे ठरवता येते.

चाचणीच्या गुणांत शाळेचा वाटा मिसळतो, ही उणीव भरून काढण्यासाठी घरच्या माणसाला विचारायची पद्धत रूढ झाली. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने यांचे घरातल्या घडामोडी लक्षात ठेवणे, वस्तू कुठे ठेवल्या ते आठवणे, पैशांचा व्यवहार सांभाळणे सुधारले, तसेच राहिले की बिघडले, असे प्रश्न त्यात असतात. माणसाची तुलना त्याच्याच पूर्वीच्या रूपाशी होत असल्यामुळे शाळेचा प्रश्न बराच मागे पडतो. ‘१०/६६’ नावाच्या संशोधक गटाने भारतात चेन्नई व वेल्लूर इथे आणि इतर अनेक देशांत चाचणी आणि घरच्यांची साक्ष एकत्र जोडून पाहिली. त्या गटाचे नावच एका विषमतेवरून पडले : स्मृतिभ्रंश झालेल्यांपैकी निदान ६६ टक्के लोक विकसनशील देशांत, पण त्यावरचे संशोधन १० टक्क्यांहूनही कमी. तरी घरच्यांची साक्षही निखळ नसते. ज्या घरात म्हाताऱ्याला बसल्या जागी ताट मिळते आणि व्यवहार केव्हाच मुलाकडे गेलेला असतो, तिथे त्याला काही जमत नाही हे कुणाच्या लक्षात यायला वाव नसतो. ‘साठी बुद्धी नाठी’ असे धरून चालणाऱ्या घरात विसरभोळेपणा ही सांगण्याजोगी तक्रारच ठरत नाही. उलट सासू-सुनेचे बरे नसेल तर साक्ष दुसऱ्या टोकाला जाते.

म्हणून ‘लासी’च्या नमुन्यातूनच साठीपुढच्या ४,०९६ जणांना निवडून, दिल्लीच्या ‘एम्स’च्या सहकार्याने, त्यांची कितीतरी लांब तपासणी २०१७ ते २०२० या काळात केली गेली. तासाभराहून जास्त चालणाऱ्या चाचण्या, घरच्यांची मुलाखत आणि शारीरिक तपासण्या झाल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांची कागदपत्रे तज्ज्ञ डॉक्टरांनी स्वतंत्रपणे पाहिली आणि एकमत करून प्रत्येकाची अवस्था ठरवली. त्या निकालांवरून उरलेल्यांचा अंदाज बांधता आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश असावा. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात प्रमाण जास्त. २०१० च्या एका अहवालात हाच आकडा ३७ लाख होता. तेरा वर्षांत रोग दुपटीहून वाढला असे यावरून म्हणता येणार नाही; वृद्धांची संख्या वाढली आहेच, पण मोजण्याची पद्धतही बदलली आहे, आणि जुना अंदाज ठिकठिकाणच्या छोट्या अभ्यासांवर उभा होता.

काळाबरोबर होणारा बदल मोजणे हा आणखी वेगळा प्रश्न. आजच्या साठीतल्या आणि आजच्या ऐंशीतल्या लोकांचे गुण शेजारी ठेवले तर मधली दरी म्हातारपणाची वाटते, पण त्यातला बराचसा भाग दोन पिढ्यांच्या शाळेचा आणि पोषणाचा असतो. त्याच माणसाकडे पुन्हा जाणे हाच यावरचा खरा उपाय. ‘हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी’ दर दोन वर्षांनी त्याच लोकांना भेटते. स्कॉटलंडमध्ये तर १ जून १९३२ रोजी अकरा वर्षांच्या जवळजवळ सगळ्या मुलांची, म्हणजे ८७,४९८ जणांची, बुद्धी-चाचणी घेतलेली होती. संशोधकांनी त्यांतल्या साडेपाचशे जणांना ७९ व्या वर्षाच्या सुमारास गाठून तीच चाचणी पुन्हा दिली, आणि लहानपणी वर असलेले बहुतांशी म्हातारपणीही वर असल्याचे दिसले. पुन्हा जाण्यातही खोच आहे. दुसऱ्या खेपेला प्रश्न ओळखीचे झालेले असल्याने गुण थोडे वाढतात; आणि ज्यांची स्मृती खरोखर ढासळली ते दरम्यान वारलेले असतात किंवा मुलाखत नाकारतात, त्यामुळे उरलेल्यांची सरासरी आहे त्यापेक्षा गोड दिसते. अशा वेळी घरच्या माणसाची मुलाखत घेऊन ती जागा भरली नाही, तर ऱ्हास कमी भासतो.

पिढी बदलली की चित्र कसे बदलते याचे एक चांगले उदाहरण इंग्लंडमधले आहे. त्याच तीन भागांत दोन दशकांच्या अंतराने त्याच पद्धतीने पाहणी केली, तेव्हा ६५ वर्षांपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जुन्या हिशेबाने ८.३ टक्के यायला हवे होते, ते ६.५ टक्के निघाले. शिक्षण वाढणे आणि हृदयाचे, रक्तवाहिन्यांचे आरोग्य सुधारणे ही त्यामागची संभाव्य कारणे मानली जातात. पद्धत तीच ठेवली म्हणून हे कळले.

खान्देशातल्या एखाद्या तालुक्याचा असा आकडा उद्या कुठे वाचायला मिळाला, तर तो उंच की कमी हे पाहण्याआधी तीन-चार गोष्टी विचाराव्यात. प्रश्न कोणत्या बोलीत विचारले गेले. त्या बोलीतल्या धडधाकट, निरक्षर म्हाताऱ्यांवर ते आधी तपासले होते का. घरच्यांची साक्ष घेतली होती का. आणि सगळ्या गटांना समान असे काही प्रश्न ठेवून, त्यांच्या आधारे वेगवेगळ्या बोलींतले गुण एकाच मापावर आणले होते का. प्राण्यांची नावे सांगणे किंवा सांगितल्याप्रमाणे कागदाची घडी घालणे हे प्रश्न अशा दुव्याच्या कामी येण्याजोगे आहेत. मात्र दुव्याच्या प्रश्नालाही एकच कसोटी लागते : इतर सर्व बाबतींत सारखी स्मृती असलेली भुसावळची आजी आणि तोरणमाळची आजी त्या प्रश्नाला सारख्याच प्रमाणात बरोबर उत्तर देतात का? देत नसतील तर तो प्रश्न दुव्यातून काढावा लागतो, आणि पुरेसे प्रश्न उरले नाहीत तर त्या दोन गावांची तुलनाच करू नये, एवढेच त्या आकड्यांवरून म्हणता येते.